त्रुटी पूर्ततेसाठी परत

जपानला जाऊन आले म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. तिथली मुलं खरंच शाळेतले संडास धुतात का? धुतात. वर्ग झाडतात, पुसतात, जेवणही एकमेकांना वाढतात. पण आमच्या शाळेतली मुलंही वर्ग झाडतात, आणि त्यावरून एका पालकांची तक्रार पंचायत समितीपर्यंत गेलेली आहे, तेव्हा तो विषय नको. मला सांगायचंय ते ना हरकत प्रमाणपत्राबद्दल. दीड वर्षातल्या कितीतरी गोष्टी आता पुसट झाल्यात, पण आमच्या कार्यालयातलं एक लोखंडी कपाट मला अजून स्वप्नात दिसतं.

मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. जपानचं शिक्षण मंत्रालय परदेशातल्या नोकरीत असलेल्या शिक्षकांना एक शिष्यवृत्ती देतं. वय पस्तिशीच्या आत हवं आणि किमान ५ वर्षं नोकरी झालेली हवी. मुदत १८ महिने, ऑक्टोबरपासून पुढच्याच्या पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंत. फी नाही, विमानाचं भाडं त्यांचं, आणि माझ्या वेळी महिन्याला १,४३,००० येन मिळत होते. अर्ज दिल्लीच्या वकिलातीकडे करायचा. लेखी परीक्षा, मुलाखत, सगळं तिथेच. २०२३च्या सुरुवातीला मी ते उरकून आले. मुलाखतीत कोणी दमात घेतलं नाही, चहासुद्धा दिला. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

नाही, एक आहे. अर्जाला नोकरीच्या ठिकाणच्या प्रमुखाचं शिफारसपत्र लागतं. आमच्या शाळेची प्रभारी मुख्याध्यापक मीच. स्वतःची शिफारस स्वतः कशी करणार? शेवटी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून घेतलं. त्यांनी एका बैठकीत सही केली, तेव्हा वाटलं, पुढचंही असंच होईल.

१७ एप्रिल २०२३ला मी पंचायत समितीत अर्ज दिला. इथे माझी पहिली चूक. पासपोर्टसाठी ना हरकत, परदेशी जाण्याची परवानगी आणि अध्ययन रजा, या तिन्ही मागण्या मी एकाच कागदावर लिहिल्या. मला वाटलं, साहेबांचा वेळ वाचेल. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तीन वेगळ्या टेबलांवर जातात, आणि एका कागदाला तीन टेबलांवर जाता येत नाही. तो पहिल्याच टेबलावर बसून राहिला. तुम्ही तीन अर्ज करा, तिन्हीवर आवकचा शिक्का घ्या, आणि प्रत्येक वेळी फाइल पुढे सरकली की जावक क्रमांक आणि तारीख वहीत टिपून ठेवा. ‘फाइल पाठवली’ हे वाक्य ऐकून घरी जाऊ नका. क्रमांक मागा.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. वर शेरा, ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत’. त्रुटी अशी की कार्यक्रमाची माहिती इंग्रजीत आहे, मराठी प्रत जोडावी. इकडे वकिलातीचा नियम असा की मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर जोडा. म्हणजे माझं बी.एड.चं कागदपत्र इंग्रजीत गेलं आणि त्यांचं माहितीपत्रक मराठीत आलं. ती पानं मी दोन रात्री बसून भाषांतर केली आणि तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडे टाइप करून घेतली. त्याच्या मशीनवर जोडाक्षरं फुटायची, ‘शिष्यवृत्ती’ चार वेळा दुरुस्त केली. ती प्रत कोणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

दुसरी त्रुटी, सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची साक्षांकित प्रत. ठीक. सेवापुस्तक त्यांच्याच कार्यालयात, पण ठीक.

तिसरी त्रुटी वाचून मी पंचायत समितीच्या पायरीवर बसले. ‘अर्जदाराच्या पासपोर्टची प्रत जोडलेली नाही.’ पासपोर्ट काढण्यासाठीच तर मी ना हरकत मागत होते! टेबलावरच्या भाऊसाहेबांना हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “मॅडम, पासपोर्टच नाही तर तुम्ही परदेशी जाणार कशा? आणि जाणार नसाल तर परवानगी कशाची?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

यातून सोडवलं ते आमच्या एका निवृत्त केंद्रप्रमुख सरांनी. म्हणाले, “बाई, ना हरकत कशाला मागत बसलात? पूर्वसूचना द्या आणि मोकळ्या व्हा.” सरकारी नोकराला पासपोर्टसाठी दोन वाटा असतात. एक ना हरकत प्रमाणपत्र, परिशिष्ट ‘जी’. दुसरी परिशिष्ट ‘एच’, म्हणजे ‘मी पासपोर्टसाठी अर्ज करत आहे’ एवढंच कार्यालयाला लेखी कळवायचं. त्यांनी परवानगी देण्याची वाट बघायची नाही. कळवल्याचं पत्र अर्जासोबत लावायचं. मी त्याच दिवशी ते पत्र आवकला दिलं, पोचचा शिक्का घेतला, पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची वेळ घेतली, १,५०० रुपये भरले, आणि जूनमध्ये पासपोर्ट हातात. पोलीस पडताळणीला आलेले हवालदार माझ्या सासऱ्यांच्या ओळखीचे निघाले, चहा घेऊन गेले. दोन महिने मी ज्यासाठी डोकं आपटत होते ते दोन ओळींच्या पत्राचं काम होतं. हे एक वाक्य मला एप्रिलमध्ये कोणी सांगितलं असतं तर हा लेख निम्मा झाला असता.

पण परदेशी जाण्याची परवानगी आणि रजा उरलीच. तिथे पूर्वसूचना चालत नाही, तिथे सहीच लागते. आता टेबलावरचा मुद्दा बदलला. माझी निवड अजून प्राथमिक आहे, अंतिम पत्र नाही, तर प्रस्ताव पुढे कसा ठेवायचा? त्यात बदल्या झाल्या. भाऊसाहेब दुसऱ्या तालुक्यात गेले. नव्या आलेल्या कनिष्ठ सहायक ताईंनी फाइल शोधली, मिळेना. आवक नोंदवहीत आहे, जावक नोंदवहीत नाही, म्हणजे खोलीतच असणार. खोलीत तीन कपाटं. दोन उघडी. तिसऱ्याची किल्ली भाऊसाहेबांसोबत गेलेली.

मी फोन केला. “किल्ली मी ड्रॉवरमध्ये ठेवली होती.” ड्रॉवरला कुलूप. त्याची किल्ली? “ती कपाटात.”

हा विनोद नाही. मी त्या कपाटासमोर उभी होते. राखाडी रंग उडालेला, दारावर दोन निवडणुकांपूर्वीच्या मतदान जनजागृतीचा स्टिकर, आणि फटीतून एका फाइलची लाल दोरी बाहेर आलेली. मला तर खात्रीच वाटली की ती माझी. ताईंनी शिपाईमामांना बोलावलं, कुलूपवाला आणायचा तर खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा यावर चर्चा झाली, आणि शेवटी अकरा दिवसांनी भाऊसाहेब स्वतः एका मीटिंगला आले तेव्हा खिशातून जादा किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं. लाल दोरीची फाइल शालेय पोषण आहाराची होती. माझी तिच्याखाली.

ताईंबद्दल मात्र चांगलं लिहायला हवं. अंतिम निवडीचं पत्र आल्यावर त्यांनी टिपणी स्वतः लिहिली, चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला दुसऱ्या टेबलावरून स्वतः आणला. रजेसाठी बंधपत्र द्यावं लागतं, परत येऊन नोकरी करीन असं. मी शंभराच्या मुद्रांकावर दिलं, आता पाचशेचा लागतो. वरच्या एका साहेबांनी तेवढं विचारलं, “परदेशात शिकून इथल्या मुलांना काय उपयोग?” मनात आलं की सांगावं, मॉन्टेसोरी इटलीच्या होत्या, त्यांची पद्धत ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शंख-शिंपल्यांवर, बियांवर आणली, आणि गावोगावच्या अंगणवाडीची कल्पना तिथूनच निघाली. पण सही व्हायची होती. मी म्हटलं, “सर, अध्यापनात सुधारणा होईल.” त्यांनी सही केली. गणपती बसायच्या आदल्या शुक्रवारी आदेश हातात पडला. १५१ दिवस. आहेराच्या पाकिटासारखा आकडा.

जपानचं थोडक्यात. शिकोकू बेटावर नारुतो नावाचं गाव आहे, समुद्रातल्या भोवऱ्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या शिक्षण विद्यापीठात मी होते. पहिले सहा महिने नुसती भाषा. जाण्याआधी निदान हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या पाठ करून जा, मी केलं नव्हतं आणि बालवाडीत बसल्यासारखं झालं.

मी गेले होते ते ‘जुग्यो केंक्यू’ बघायला. मराठीत पाठ-अभ्यास म्हणू. चार-पाच शिक्षक मिळून एक पाठ ठरवतात, एकजण तो आपल्या वर्गात घेतो, बाकीचे भिंतीला लागून उभे राहून बघतात. मी पाहिलेला पहिला पाठ तिसरीचा, बाकी उरणाऱ्या भागाकाराचा. २३ मुलं, एका बाकावर चौघं, बाक किती? एका मुलाने लिहिलं, ५, उरले ३. आपण काय केलं असतं? ‘चूक, कोण सांगेल?’ आणि पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीकडे बोट. त्या बाईंनी त्याचं ५ फळ्यावर मोठं लिहिलं, त्याचं नाव लिहिलं आणि वर्गाला विचारलं, याने असा विचार का केला असेल? मग वीस मिनिटं त्या उरलेल्या तिघांवर चर्चा. ते उभे राहतील का, घरी जातील का. तास ४५ मिनिटांचा, आणि शेवटपर्यंत फळा एकदाही पुसला नाही. डावीकडे प्रश्न, मध्ये सगळी उत्तरं चुकीच्या सकट, उजवीकडे मुलांच्या शब्दांत निष्कर्ष. फळा कसा भरायचा हेही त्यांनी आधी कागदावर आखलेलं असतं.

नंतरची चर्चा दीड तास चालली. मला वाटलं, आता बाईंची उलटतपासणी. कोणी बाईंबद्दल बोललंच नाही. एक शिक्षक म्हणाले, खिडकीजवळच्या मुलाने तीन वेळा खोडरबर उचलला आणि खाली ठेवला, त्याला काय खोडायचं होतं? यावर दहा मिनिटं. माझ्या नोकरीत माझ्या वर्गात साहेब आलेत ते हजेरीपट आणि पोषण आहाराची नोंदवही बघायला. मूल काय खोडतंय ते बघायला कोणी आलं नव्हतं, मी धरून.

उगाच आरती ओवाळायची नाही. तिथले शिक्षक रात्री सात-आठपर्यंत शाळेत असतात. २०१८च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानच्या माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा निघाला, सहभागी देशांत सगळ्यात लांब, सरासरी ३८च्या आसपास. माझ्या वसतिगृहाशेजारी राहणाऱ्या शिक्षिकेचं मूल मी जागं असं क्वचितच पाहिलं. ते आपण आणायचं नाही. आपल्याकडे तेवढे तास सर्वेक्षणं आणि मतदार याद्यांत जातातच.

मार्च २०२५मध्ये परत आले. हजर होताना मूळ आदेश मागतात, तो घरी विसरू नका. मी विसरले, चाळीस किलोमीटर परत.

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत पाठ-अभ्यासाचा विषय मांडला. सगळ्यांना आवडला. अडचण एकच. द्विशिक्षकी शाळेतून एक शिक्षक दुसऱ्याचा पाठ बघायला गेला तर त्याच्या वर्गाचं काय? शिवाय शाळा सोडून जायला परवानगी हवी, म्हणजे अर्ज, म्हणजे टेबल. मी तर हातच जोडले.

तोडगा शेजारच्या गावच्या गुरुजींनी काढला. शनिवारी सकाळची शाळा असते, लवकर सुटते. एका शाळेतली एक इयत्ता तासभर थांबते, पालकांना आधी सांगून, आणि आम्ही सहाजण दुचाकीवर तिथे जमतो. ऑगस्टपासून चार पाठ झाले. फळा न पुसणं मला अजून जमत नाही, हात आपोआप डस्टरकडे जातो. चर्चेत अजून ‘बाईंचा आवाज छान होता’ इथून सुरुवात होते, पण तिसऱ्या पाठाला गुरुजींनी पहिल्यांदा एका मुलीच्या पाटीबद्दल विचारलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर थांबायला परवानगी लागत नाही. निदान आम्ही विचारलेली नाही.