पाण्याची सोय

कुठल्याही किल्ल्यावर गेलं की मी आधी पाणी शोधते. बुरूज, तोफा, दरवाजे मागाहून. खोड बाबांकडून आलेली. शिवनेरीला ते चपला काढून गंगा-जमुना टाक्यांपाशी जे बसत, ते उठतच नसत. ओंजळीनं पाणी पीत आणि आम्हा पोरांना सांगत, "गड तुम्ही बघून या, मला दिसला." टाकं आटलं की गड पडला, हा त्यांचा इतिहासाचा एकमेव सिद्धांत. आई म्हणायची, घरातला नळ गळतो तो बघा आधी.

तर ही खोड घेऊन मी भाचीबरोबर आयर्लंडमध्ये टिपररी परगण्यात हिंडत होते. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती. समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो. कॅशेलच्या खडकावर चढलो. ११३४ साली पवित्र केलेलं कॉर्मॅकचं चॅपल, शेजारी भलंमोठं कॅथेड्रल. मी सवयीनं विचारलं, "इथे पाण्याची सोय काय होती गं?"

"मावशी, तोंड वर करून उभी राहा."

कॅथेड्रलला छप्पर नाही. १७४९ मध्ये आर्थर प्राइस नावाच्या आर्चबिशपनंच ते काढवलं. त्याची बग्गी चढावर चढेना म्हणून, असं लोक सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण गुडघे दुखायला लागल्यापासून मला ते पटतं. आता तिथे वेदी असायची त्या जागेवरही पाऊस बिनदिक्कत पडतो.

खाली शेतात होर ॲबी. तेराव्या शतकातला सिस्टर्शियन साधूंचा मठ, तोही उघडाच. तिकीट नाही, रखवालदार नाही. फाटक ढकलायचं, गाईंना वळसा घालायचा आणि आत शिरायचं. भिंतीच्या आडोशाला उभ्यानं पोळीची गुंडाळी खाल्ली. चहूकडे नुसतं हिरवं. मी म्हटलं, आमच्याकडे एवढं पाणी असतं ना, तर एक माणूस उपाशी राहिला नसता.

भाची जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "१८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला, तो असल्याच ओल्या हवेत पसरला गं. दहा लाख माणसं गेली. गहू, ओट्स, लोणी तेव्हाही बोटी भरभरून इंग्लंडला जात होतं."

पाऊस वाढला. कॅहरचा किल्ला बंद व्हायच्या आत पोचायचं होतं, म्हणून निघालो. तो म्हणे नदीतच आहे.