खोडदच्या दुर्बिणीला काय ऐकू आलं

परवा मामांचा फोन आला होता, द्राक्षं कशी झालीत, टोमॅटोला भाव काय वगैरे सगळं झालं आणि मग मधेच त्यांनी विचारलं, "आरं ती आपली दुर्बीण, एवढ्या वर्षांत त्यातनं काही दिसलं का न्हाई?" मामांचं शेत नारायणगावहून खोडदकडे जाताना लागतं, बांधावर उभं राहिलं की लांबवर त्या मोठाल्या डिश दिसतात, लहानपणी सुट्टीत गेलो की संध्याकाळी त्यांची तोंडं सकाळपेक्षा वेगळ्या दिशेला वळलेली असायची आणि आम्ही पोरं पैजा लावायचो उद्या कुठे बघणार म्हणून.

मी म्हटलं दिसलं नाही मामा, ती रेडिओ दुर्बीण आहे, उजेड नाही तर आकाशातून येणाऱ्या रेडिओ लाटा टिपते, पण तिला फार मोठं काहीतरी ऐकू आलंय. मग अर्धा तास बोलत बसलो. तेच इथे लिहून ठेवतोय, कारण २९ जून २०२३ ला अवकाशातल्या लांबच लांब गुरुत्वीय लाटांचा पुरावा मिळाल्याची ही बातमी आली आणि दोनच महिन्यांत चांद्रयान उतरलं, सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं (जायलाच हवं होतं, मी पण टीव्हीसमोरच होतो), पण या बातमीबद्दल आपल्याकडे हवं तेवढं बोललंच गेलं नाही असं मला मनापासून वाटतं.

तर पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गोळा, स्वतःभोवती गरागरा फिरतो आणि प्रत्येक फेरीला त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून जातो, टिक टिक टिक. काही पल्सार तर सेकंदाला शेकडो वेळा फिरतात आणि त्यांची टिकटिक इतकी पक्की असते की पुढचा ठोका कधी येणार हे मायक्रोसेकंदाच्या आत सांगता येतं. आता अवकाशातूनच जर एखादी प्रचंड लांब लाट जात असेल, गुरुत्वीय लाट, तर मधलं अंतर किंचित ताणलं जाणार किंवा आक्रसणार, आणि ठोका थोडा उशिरा किंवा थोडा लवकर येणार. २०१५ मध्ये अमेरिकेत लायगो या गुरुत्वीय लाटा टिपणाऱ्या यंत्रणेने पकडलेली लाट सेकंदाच्याही आत संपली होती, ही लाट तशी नाही, हिचा एक हेलकावा पूर्ण व्हायला काही वर्षं लागतात. अशा लाटा बहुतेक आकाशगंगांच्या पोटातली महाप्रचंड कृष्णविवरं जोडीने एकमेकांभोवती फिरतात त्यातून निघतात.

मामा म्हणाले, "पन ठोका उशिरा आला तं तो लाटंमुळंच आला हे कसं कळायचं?" खरा प्रश्न हाच आहे. मी त्यांना नारायणगावचा एसटी स्टँड सांगितला. समजा तुम्ही स्टँडवर उभे आहात. एकच गाडी लेट आली तर त्या गाडीत बिघाड. सगळ्याच गाड्या सारख्याच लेट, तर तुमचं घड्याळच पुढे आहे. पुण्याच्या गाड्या लेट आणि नाशिकच्या लवकर, म्हणजे तुम्ही स्टँडवर नाहीच, नाशिकच्या बाजूला थोडे सरकून उभे आहात. पण पुणे आणि नाशिक दोन्हीकडच्या लेट, आणि जुन्नर आणि खोडद या आडव्या दिशांच्या दोन्ही लवकर, असं जर दिसलं तर मग ना गाडी बिघडली ना घड्याळ, रस्ताच ताणला गेलाय. आकाशात पण हेच बघतात, वेगवेगळ्या दिशांचे पल्सार जोडीजोडीने घेऊन त्यांचे उशीर एकमेकांशी कसे जुळतात ते. ते कसे जुळले पाहिजेत हे हेलिंग्ज आणि डाउन्स या दोन शास्त्रज्ञांनी १९८३ मध्येच गणित करून ठेवलं होतं, चाळीस वर्षं आधी!

आणि आता आपल्या दुर्बिणीचं काम, हे मला सगळ्यात आवडतं. पल्सारपासून इथपर्यंतची वाट रिकामी नाही, मधे इलेक्ट्रॉन भरलेले आहेत आणि त्यातून कमी फ्रिक्वेन्सीचे सिग्नल जास्त रखडतात. घाटात गर्दी असली की मोटरसायकल निघून येते आणि मालाचा ट्रक मागे राहतो, तर दोघं किती अंतराने पोचले यावरून घाटात किती गर्दी होती ते कळतं, तसंच. १४०० मेगाहर्ट्झला जेवढा उशीर होतो त्याच्या बारा पट उशीर ४०० मेगाहर्ट्झला होतो. युरोपातल्या मोठ्या दुर्बिणींचं बरचसं काम वरच्या फ्रिक्वेन्सीवर होतं, जीएमआरटी, म्हणजे आपली खोडदची दुर्बीण, खालच्या फ्रिक्वेन्सीवर फार चांगलं ऐकते, म्हणजे घाटातली गर्दी नीट मोजून वजा करायला खोडदची मदत. भारतातल्या आणि जपानमधल्या लोकांनी मिळून हे काम केलं, युरोपच्या टीमबरोबर, २५ पल्सार आणि जवळजवळ २५ वर्षांचा डेटा. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीन यांनी पण त्याच वेळी आपापले निकाल मांडले आणि सगळ्यांचा रोख एकच. अजून कुणी शंभर टक्के सिद्ध झालं म्हणत नाहीये, पुरावा मिळालाय एवढंच म्हणतात, आणि हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

मी दोन वर्षांपूर्वी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आत जाऊन आलो. एक डिश ४५ मीटर व्यासाची, अशा ३०, त्यातल्या १४ मध्यभागी एकमेकींच्या जवळ आणि बाकीच्या तीन दिशांना लांब लांब पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत २५ किलोमीटर. पण खाली उभं राहून वर बघितलं आणि मी गप्पच झालो, कारण ती डिश भरीव नाहीच, जाळी आहे, स्टीलच्या बारीक तारेची, आणि जाळीतून वरचं निळं आकाश सरळ दिसत होतं. मध्याजवळ जाळीचं भोक एक सेंटीमीटरचं, कडेला दोनचं. दोऱ्या ताणाव्यात तशा स्टीलच्या दोऱ्या ताणून त्यावर ती बसवलीय. रेडिओ लाट वीतभर किंवा त्याहून लांब असते, तिला ती जाळी भिंतच वाटते, वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि खर्च कमी. ही कल्पना ज्यांनी ही दुर्बीण उभारली त्या शास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांची. २०२० मध्ये ते गेले, हा निकाल बघायला हवे होते.

गेटवरच फोन बंद करायला लावतात, कारण सिग्नल इतका क्षीण असतो की जवळचा एक मोबाईल म्हणजे कानाशी ढोल. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग दुर्बिणीमुळे अडला यावर भागात नाराजी आहे आणि मामांना पण रेल्वे हवीय, त्यांचं चूक नाही, माल लवकर जाईल. पण रेल्वे थोडी वळवता येते, ही शांतता दुसरीकडे नेऊन बसवता येत नाही, असं मी त्यांना सांगितलं. रेल्वेच्या विजेच्या तारेवर ठिणग्या उडाल्या तरी दुर्बिणीला त्रास होतो म्हटलं.

मामा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आरं, आपल्या हिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर लय ठिणग्या मारतो. त्याचं बी जात आसंल का रं त्यांना ऐकू?" मी म्हटलं एवढ्या लांबून माहीत नाही मामा. तर म्हणाले, "न्हाई, बदलूनच घेतो."