बाविसाव्या वर्षी आमदार

परवा आमच्या समोरच्या प्लॉटवर पाया खणायला सुरुवात झाली. दोन बिऱ्हाडांचं घर होणार आहे. तुम्ही म्हणाल, यात काय सांगण्यासारखं? पण अमेरिकेतल्या या व्हरमाँट राज्यात ते सांगण्यासारखं आहे. आत्ताआत्तापर्यंत इथल्या कितीतरी भागांत एका प्लॉटवर एकच बिऱ्हाड असा नियम होता, आणि त्याची झळ आम्ही सोसली आहे.

2022 च्या सप्टेंबरात नवऱ्याला एसेक्स जंक्शनच्या चिप कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही टेक्सासहून इथे आलो. अकरा आठवडे हॉटेलच्या एका खोलीत काढले. लेक तेव्हा चार वर्षांची. कुकरच्या वाफेने अलार्म वाजेल या धास्तीने मी तो बाथरूममध्ये नेऊन, पंखा लावून, दार ओढून घेऊन खिचडी शिजवायचे. भाड्याचं घरच मिळेना. एका मालकाने होकार दिला, आणि किल्ल्या घ्यायच्या आदल्या दिवशी जास्त भाडं देणाऱ्याला घर देऊन टाकलं. त्या संध्याकाळी गाडीतच बसून आईला फोन लावला आणि नुसती रडले. गावाकडे आमचं सहा खोल्यांचं घर, पुढे अंगण, मागे बेदाण्याची शेड. आणि इथे मुलीला पाय पसरून खेळायला जागा नाही.

वाचनालयात ओळख झालेल्या एका आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे तुझ्या आमदारांना लिही." मी गप्प बसले. मी इथली नागरिक नाही, माझं मत नाही, माझ्या चिठ्ठीला कोण विचारणार? पण घरी येऊन विधिमंडळाची वेबसाइट उघडली. आमदारांच्या नावांपुढे ईमेल, पत्ता, काहींचे तर घरचे फोन नंबर. ओळखीच्या कार्यकर्त्याला गाठा, पीएला फोन करा, असलं काही नाही. इथल्या साध्या आमदाराला पीए नसतोच. स्वतंत्र कार्यालयही नसतं. सभागृहातली खुर्ची हीच त्याची जागा.

मी लिहिलं. तिसऱ्या दिवशी आमच्या भागाच्या एका प्रतिनिधींचं चार ओळींचं उत्तर आलं. घरांच्या प्रश्नावर राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, समितीत विधेयक येतंय, समितीचं कामकाज यूट्यूबवर थेट दिसतं, बघा. त्या समितीच्या अध्यक्षांचं नाव वाचलं आणि थबकले. केशा राम हिन्सडेल. राम!

मग रात्री लेक झोपल्यावर मिळेल ते वाचून काढलं. केशाताई (मी मनात त्यांना असंच म्हणते) 1986 च्या, जन्म लॉस एंजेलिसचा. वडील भारतातून आलेले, आई ज्यू, आणि दोघांनी मिळून चालवला आयरिश पब. शिकायला व्हरमाँट विद्यापीठात आल्या, विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. 2008 मध्ये पदवी हातात पडली आणि त्याच वर्षी बर्लिंग्टनमधून राज्याच्या प्रतिनिधी सभेवर निवडून आल्या. वय बावीस. त्या वेळी सगळ्या अमेरिकेतल्या राज्य विधिमंडळांत त्या सर्वांत तरुण होत्या. आपल्याकडे बाविसाव्या वर्षी सरपंच होता येतं, पण विधानसभेसाठी पंचविशी पूर्ण लागते. इथे राज्यपालही निवडणुकीने ठरतो, आणि त्या पदासाठीसुद्धा वयाची अट नाही. 2018 मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाने त्या पदासाठी प्राथमिक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी, निवडणूक लढवली होती!

आणखी एक नातं सापडलं तेव्हा मी नवऱ्याला उठवून सांगितलं. लाहोर उभारणारे अभियंते सर गंगाराम, ज्यांच्या नावाचं हॉस्पिटल दिल्लीत आपण सगळे ओळखतो, त्यांची ही खापरपणती. पण व्हरमाँटमध्ये गंगाराम हे नाव सांगून कुणाचं मत मिळणार? ती पुण्याई इथे चालत नाही. इथे स्वतःच्या पायांनीच हिंडावं लागतं.

आठ वर्षं त्या प्रतिनिधी सभेत होत्या. अधिवेशन जानेवारी ते मे, उरलेले महिने प्रत्येक जण आपापल्या पोटापाण्याच्या उद्योगाला लागतो. कुणी शेतकरी, कुणी मास्तर. केशाताई बर्लिंग्टन शहराच्या विकास कार्यालयात लोकसहभागाचं काम करायच्या. म्हणजे सभा बोलवायच्या, कधीच न येणाऱ्यांना आणायचं, त्यांचं म्हणणं कागदावर उतरवायचं. 2016 मध्ये उपराज्यपालपदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीत उतरल्या आणि तिसऱ्या आल्या. मग हार्वर्डला शिकायला गेल्या. 2020 मध्ये सिनेटवर निवडून आल्या. व्हरमाँटच्या सिनेटमध्ये गोरी नसलेली स्त्री त्याआधी कधी बसलीच नव्हती. इतकं गोरं राज्य आहे हे.

हे वाचताना मला सारखे आबा आठवत होते. आम्ही तासगाव तालुक्यातले. आर. आर. पाटील अंजनीच्या साध्या शेतकऱ्याच्या घरातले. जिल्हा परिषदेपासून सुरुवात करून 1990 मध्ये आमदार झाले. माझे वडील, अण्णा, सांगतात, आबा गावी आले की अंगणात सकाळपासून माणसं बसलेली असायची. आता त्यांचे चिरंजीव रोहित 2024 मध्ये पंचविसाव्या वर्षी विधानसभेत गेले, सर्वांत तरुण आमदार म्हणून. माझ्या इथल्या मराठी मैत्रिणी लगेच म्हणतात, आपल्याकडे तरुण म्हणजे कुणाचा तरी मुलगा. मला ते लागतं. कारण आबांच्या मागे कुणी नव्हतं, हे त्या विसरतात. आणि आकडेही बघायला हवेत. अख्ख्या व्हरमाँटची लोकसंख्या 2020 च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या आत, आणि नुसत्या प्रतिनिधी सभेत दीडशे माणसं. एकामागे साधारण सव्वाचार हजार लोक. महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेप्रमाणे धरलं तरी एका आमदारामागे 3.9 लाख. चार हजारांत प्रत्येकाचं ईमेल वाचणं जमतं. तासगावच्या आमदाराने तसं वाचायला घेतलं तर पाच वर्षं त्यातच जातील.

तरीही, मॉन्टपीलियरला जाऊन आले तेव्हापासून हा हिशोब मला पुरत नाही.

2023 च्या मार्चमध्ये एकदा गेले. अमेरिकेतली सर्वांत छोटी राजधानी, जेमतेम आठ हजार वस्ती. सोनेरी घुमटाच्या राज्यभवनात शिरले. कुणी पास विचारला नाही, कुणी पर्स उघडायला लावली नाही. समितीच्या खोल्या आपल्या शाळेच्या स्टाफरूमएवढ्या. मधोमध टेबल, भिंतीला लागून आल्यागेल्यासाठी खुर्च्या. दुपारी कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन बसले, तर समोर एक गृहस्थ येऊन बसले. हातात सुपाचा वाडगा, कोपरावर विरलेला स्वेटर. कुठल्या गावच्या तुम्ही, घर मिळालं का, किती भाडं, सगळं विचारलं. खिशातून छोटी वही काढली आणि भाड्याचा आकडा लिहून घेतला. ते उठल्यावर शेजारच्या बाई म्हणाल्या, ते आमदार आहेत. आमच्या भागाचेही नव्हते. मी त्यांना मत देऊ शकत नव्हते, आज ना उद्या देईन असंही नव्हतं. तरी तो आकडा वहीत गेला. घरी येताना पूर्ण रस्ताभर माझ्या डोळ्यांसमोर ती वहीच होती.

विधेयक जूनमध्ये कायदा झालं. विधिमंडळात डेमोक्रॅट पक्षाचं बहुमत, राज्यपाल फिल स्कॉट रिपब्लिकन, तरी सही झाली. जिथे एका बिऱ्हाडाच्या घराला परवानगी, तिथे दोन बिऱ्हाडांच्या घराला नाही म्हणता येणार नाही. गावाचं पाणी आणि गटार असेल तिथे चार बिऱ्हाडांपर्यंत, आणि अशा ठिकाणी घरामागे एकापेक्षा जास्त पार्किंगची सक्ती नाही. पर्यावरणासाठी बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या 1970 च्या कायद्याला किती हात लावायचा यावरून खूप ओढाताण झाली होती. घरांचा तुटवडा काही संपलेला नाही, भाडी अजून छाती दडपवणारी आहेत. केशाताई जानेवारी 2025 पासून सिनेटमध्ये बहुमताच्या नेत्या आहेत. मी त्यांना एकदाही भेटलेले नाही.

इथे मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते. कितीतरी गावांत अजूनही शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या टाकून माणसं बसतात. रस्त्याच्या वाळूपासून अग्निशमनच्या गाडीपर्यंत एकेका खर्चावर हात वर होतात. इथले लोक अभिमानाने सांगायला लागले की मी त्यांना मेंढा-लेखाचं सांगते. गडचिरोलीतल्या त्या गावाने केव्हाच म्हटलं, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. हे सांगताना आवाज चढतो माझा. आणि मग आठवतं, लग्न होईपर्यंत गावात राहिले, पण ग्रामसभेला एकदाही गेले नाही. त्या काळी बायका जायच्या नाहीत, कुणी बोलवायचंही नाही, हे खरंच आहे. पण मी विचारलंही नव्हतं.

गेल्या ऑगस्टमध्ये अण्णांना फोन केला. शाळेपुढच्या गटाराबद्दल ते दोन वर्षं मला सांगत होते. म्हटलं, "अण्णा, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत तुम्हीच का नाही विचारत?"

"मी? ह्या वयात?"

"आईलाही न्या."

दोघं गेले. गणसंख्या भरली नाही, सभा तहकूब झाली. आईने फोनवर सांगितलं, अण्णा घरी आले, कपाटातून जुनी वही काढली आणि गटाराची लांबी पावलांनी मोजून लिहून ठेवली. चौऱ्याऐंशी पावलं.