तुम्ही विचारलंत म्हणून: १.८च का?

“एवढा खटाटोप केलात आणि शेवटी १.८ लिटरचंच इंजिन बसवलंत?” पहिल्या पिढीची एमएक्स-५, म्हणजे माझदाची छोटी स्पोर्ट्स कार, बाळगणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने मला हे विचारलं आहे. बॉनेट उघडलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. मग पुढचे प्रश्न ठरलेले: व्ही-८ का नाही? आधी होंडाचं के-२४ इंजिन होतं ना, ते का काढलंत? आजवर “बसवायला सोपं पडलं” एवढं सांगून मी विषय मिटवत आलो. ते अर्धंच खरं आहे.

व्ही-८चं आधी उरकतो. अ‍ॅल्युमिनियमचं ५.७ लिटरचं एलएस-१ हे जनरल मोटर्सचं व्ही-८ या गाडीत मावतं, लोकांनी बसवून दाखवलं आहे. दाखला मात्र सगळे कोब्राचाच देतात: १९६२मध्ये कॅरोल शेल्बीने एसी या कंपनीच्या हलक्या इंग्लिश गाडीत फोर्डचं व्ही-८ घातलं आणि इतिहास घडला. मला आठवते ती १९६४ची सनबीम टायगर. तिच्यातही फोर्डचंच व्ही-८. ते बसावं म्हणून स्टीअरिंगची यंत्रणा बदलावी लागली, आणि एक स्पार्क प्लग इतका अडचणीत गेला की त्याच्यासाठी फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला, भोक ठेवावं लागलं. तो प्लग गाडीच्या आतून काढायचा. मोठं इंजिन एकटं येत नाही. एमएक्स-५मध्ये एलएस घालायचं तर गिअरबॉक्स बदलायचा, मागच्या चाकांना ताकद वाटणारं डिफरन्शियल बदलायचं, आणि या दोघांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची लांब चौकटही काढून टाकायची. अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना ही गाडी झोके घेत नाही, पाय हलला की लगेच उत्तर देते, ते त्या चौकटीमुळे. ती काढायला मी तेव्हाही तयार नव्हतो, आजही नाही. मोटरसायकलचं इंजिन घाला म्हणणाऱ्यांनाही एवढंच सांगेन की मला रिव्हर्स गिअर लागतो.

के-२४चं तसं नव्हतं. ते मी डोळसपणे निवडलं होतं, निदान तशी माझी समजूत होती. मूळ १.६ लिटर इंजिनाची ताकद ११५ अश्वशक्तीच्या आसपास, गाडी साडेनऊशे किलोची. के-२४ म्हणजे २३५४ सीसी, सुमारे २०० अश्वशक्ती, आणि ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा. मूळ इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, त्यामुळे साडेसातशे सीसीच्या आसपास वाढूनही पुढचं वजन फारसं वाढत नाही. मूळ गिअरबॉक्स राहतो, चौकट राहते. १.६चं नाजूक डिफरन्शियल तेवढं बदलून मी १.८चं मोठं घातलं. वहीत तक्ता मांडला होता: ताकद, वजन, टनामागे अश्वशक्ती. त्या तक्त्यात तेलासाठी रकाना नव्हता.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळं इथेच घडलं. हे इंजिन मूळ गाड्यांमध्ये आडवं बसतं. तिथे वळणावर तेल क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, लांबीच्या दिशेने सरकतं. तेच इंजिन गाडीच्या लांबीत बसवलं की वळणावर तेल इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या कडेला चढतं. शिवाय मूळ चेंबर पुढच्या सबफ्रेमला, म्हणजे इंजिनाखालच्या सांगाड्याला, आपटतं, म्हणून वेगळं बनवलेलं उथळ चेंबर लागतं. चांगल्या चेंबरात आडपडदे असतात आणि एकाच बाजूने उघडणारी छोटी दारं असतात. तेल पंपाच्या नळीकडे येतं, पण परत जाऊ शकत नाही. मी जे वापरलेलं चेंबर आणलं त्यात पत्र्याची एकच पट्टी होती. मला ती दिसली होती. इंजिन बसवायची घाई होती.

चार महिने गाडी सुंदर चालली. मग ट्रॅकवर नेली. तिथे एक लांबलचक उजवं वळण होतं, तिसऱ्या गिअरमध्ये घेण्याजोगं, संपता न संपणारं. पहिल्या सत्रातच त्या वळणाच्या मध्यावर ऑईल प्रेशरचा काटा खाली आला आणि वळण सरताच वर गेला. इंजिन बांधायला ज्याने माझ्याबरोबर रात्री घालवल्या तो मित्र शेजारी बसला होता. तो म्हणाला, “काटा पडतोय रे. बाहेर घे, बघू.” मी म्हणालो, “सेन्सरची तार सैल असेल.” दुसऱ्या सत्रात तो पुन्हा म्हणाला. मी थोडं तेल जास्त ओतलं आणि तिसऱ्यांदा निघालो. या वेळी तो बसला नाही.

दर हजार आरपीएमला तेलाचा दाब निदान १० पीएसआय, हा ढोबळ हिशेब मला तोंडपाठ होता. सहा हजारांवर काटा वीसच्या खाली गेलेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि पाय उचलला नाही. नळीने हवा ओढली की क्रँक आणि बेअरिंग यांच्यातला तेलाचा पापुद्रा फाटतो. त्याला काही सेकंद पुरतात. वळण संपलं आणि टकटक सुरू झाली. आरपीएमबरोबर वाढणारी, खालून येणारी टकटक. तो आवाज कसला, हे कोणी सांगावं लागत नाही. मी इंजिन बंद केलं आणि गाडी गवतात उतरू दिली.

रात्री चेंबर उतरवलं. बॅटरीच्या उजेडात तेलात सोनेरी चकाकी दिसत होती. तिसऱ्या सिलिंडरच्या रॉडची दोन्ही बेअरिंगं एकमेकांवर चढून कागदासारखी पातळ झाली होती, क्रँक तिथे निळा पडला होता. मित्राने मायक्रोमीटर लावून माप सांगितलं. मी म्हणालो, पुन्हा मोज. त्याने पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मी सांगितलं तेव्हा त्याने मायक्रोमीटर माझ्या हातात दिला.

आता तुम्ही म्हणाल, यात इंजिनाचा काय दोष? काहीच नाही. के-२४ वाईट आहे असं मी कुठेही, कधीही म्हटलेलं नाही, आणि माझं नाव घेऊन तसं सांगणाऱ्यांनी कृपा करून थांबावं. नीट चेंबर लावून ते वर्षानुवर्षं ट्रॅकवर चालवणारे लोक आहेत. चूक माझी होती आणि ती दुरुस्त होण्याजोगी होती. तरीही मी १.८कडे वळलो. १८३९ सीसी, माझदाने स्वतःच १९९४पासून याच गाडीत बसवलेलं. माउंट तेच, चेंबर त्याच सबफ्रेमसाठी घडवलेलं. मिळकत म्हणाल तर थोडा टॉर्क आणि दहापंधरा अश्वशक्ती. पण गाडी मला परत ओळखीची वाटली. वळणात शिरताना पुढचा भाग काय करेल हे हातांना आधीच कळत होतं.

हे लिहिताना तक्ता मांडणारा तो जुना मी ऐकून घेत नाही. तो विचारतो, वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये के-२४ जे ओढायचं, तो आनंद खोटा होता का? नव्हता. तसा आनंद १.८ने मला एकदाही दिलेला नाही. मग हे शहाणपण की भीती? मी बरेच दिवस शहाणपण म्हणत होतो. पण त्याच ट्रॅकवर, त्याच उजव्या वळणावर, आता काटा जागचा हलत नाही आणि तरी माझा पाय वळणाच्या मध्यावर उचलला जातो. याला शहाणपण म्हणता येत नाही.

गेल्या महिन्यात मित्राने नव्या चेंबरचा पुठ्ठ्याचा साचा कापून आणला, आडपडदे आणि चारही दारांसकट. मी गाडीखाली शिरून सबफ्रेमपासूनची जागा मोजून दिली. डावीकडे सहा मिलिमीटर कमी पडतात. तो साचा पुन्हा कापतोय.