आमची वाटचाल: स्वस्त बॉल स्क्रू, नेटकी जोडणी

आमचं वर्कशॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. सुरुवात जॉबवर्कनं झाली: पंपाचे शाफ्ट, बुश, पिना. सीएनसी राउटरचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरीवकामाच्या मशीनचं, काम आलं ते सुतारांमुळे. देव्हाऱ्याच्या महिरपी कोरायला काहींनी लोखंडी चौकट वेल्ड करून स्वतःच मशीन उभं केलं होतं आणि त्यात टेबल सरकवायला हार्डवेअरच्या दुकानातला आट्यांचा रॉड बसवला होता. अशा मशीनवर वर्तुळ कोरलं की चार ठिकाणी बारीक पायरी उमटते. जिथं टेबल दिशा बदलतं, नेमकी तिथंच. मोटर फिरते, पण रॉडवरच्या नटातला प्ले, म्हणजे ढिलेपणा, संपेपर्यंत टेबल हलत नाही. सॉफ्टवेअरमधून तो भरून काढता येतो म्हणतात, पण कटर लाकडात असताना टेबल ओढलं जातं, तेव्हा सॉफ्टवेअर काय करणार?

म्हणून आम्ही १६०५ बॉल स्क्रू, म्हणजे नटात गोळ्या फिरतात असा स्क्रू, बसवायला लागलो. व्यास १६ मिमी, एका फेऱ्यात ५ मिमी चाल. आटे ग्राइंड केलेला स्क्रू या गिऱ्हाइकाला परवडत नाही. आटे दाबून पाडलेला, म्हणजे रोल केलेला, सी७ दर्जाचा परवडतो. त्यात ३०० मिमीला ०.०५ मिमी फरक धरलेला असतो. पावसाळ्यात लाकूड याहून जास्त फुगतं. स्क्रूवर वाचलेले पैसे जोडणीवर खर्च करा, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

खरी मेहनत टोकांची. स्क्रूची वरची कातडी कडक केलेली असते, साधं टूल तिच्यावरून नुसतं घसरतं. आधी ग्राइंडरनं कातडी काढायची, मग कार्बाइडनं टर्निंग. टोकं धरणाऱ्या सपोर्टपैकी मोटरकडच्या बीके१२ ची बैठक १२ मिमी, दुसऱ्या टोकाच्या बीएफ१२ ची १०. बैठक ढिली झाली तर महागडा स्क्रूही वाया जातो, कारण लांबीच्या दिशेचा सगळा धक्का बीकेमधल्या अँग्युलर बेअरिंगवर येतो. बीएफचं टोक लांबीच्या दिशेनं मोकळं हवं. स्क्रू तापून वाढला तर तिकडं जागा लागते. टर्निंगसाठी नट काढताना टोकाला पाइप लावून त्यावर सरकवतो, नाहीतर गोळ्या सांडतात.

जोडताना डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं मापक, गाइड रेलवर सरकणाऱ्या गाडीवर लावून स्क्रू वरून आणि बाजूनं, दोन्हीकडून रेलशी समांतर करतो. मग गाडी बीकेजवळ आणून तिकडचे बोल्ट आवळायचे, दुसऱ्या टोकाला नेऊन तिकडचे. शेवटी मोटर न जोडता स्क्रू बोटांनी फिरवून बघायचा. मध्येच जड लागला तर पुन्हा सगळं ढिलं करायचं. पोरांना हे कंटाळवाणं वाटायचं. आता तीच गिऱ्हाइकाला बोटानं फिरवून दाखवतात.

झेड अक्षाचं, म्हणजे वर-खाली चालीचं, आधीच सांगतो. बॉल स्क्रू इतका हलका फिरतो की वीज गेली की कटर फिरवणारा स्पिंडल वजनानं खाली येतो. तिथं ब्रेकची मोटर घ्यावीच लागते. आट्यांच्या रॉडवर ही भीती नव्हती.

आता टोकं तयार केलेला स्क्रू, सपोर्ट, नटाचा ब्रॅकेट आणि मोटरला जोडायचं कपलिंग असा संच आम्ही देतो, सोबत डायलच्या रीडिंगचा कागद. इचलकरंजी, सांगली, सावंतवाडीकडून विचारणा येते. सात फुटी दारासाठी मात्र १६ मिमीचा स्क्रू देत नाही. तेवढ्या लांबीवर तो वेगात फिरताना मध्ये झोल घेतो. तिथं रॅक-पिनियनच, म्हणजे दात्यांची पट्टी आणि गिअर, घ्या म्हणतो, ऑर्डर हातची गेली तरी.