शाळा समितीची अध्यक्ष झाले, पण बँकेत सही बदलायला साडेचार महिने लागले

बँकेत शाळेच्या खात्यावरची नमुना सही बदलून मिळायला माझ्या सात फेऱ्या झाल्या. त्यातल्या पाच फेऱ्यांना आमच्या शाळेचे मुख्याध्यापक गुरुजी ऐन शाळेच्या वेळेत माझ्याबरोबर होते. आमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथी, पट ४३, शिक्षक दोन. गुरुजी बँकेत गेले की चारही वर्ग एकट्या बाईंकडं. असे पाच दिवस गेले. एसटीचा खर्च, घरचं राहिलेलं काम, उन्हातली वाट हे सगळं मी एव्हाना विसरले असते. ते पाच दिवस विसरता येत नाहीत, म्हणून हे लिहितेय.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या बाजूला. माझं वय २६. मुलगी पहिलीला गेली आणि त्याच जुलैत शाळा व्यवस्थापन समितीची नवी निवड आली. ही समिती दर दोन वर्षांनी बदलते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं तीत तीन चतुर्थांश पालक लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आमच्या बारा जणांत नऊ पालक, एक ग्रामपंचायत सदस्य, एक शिक्षक आणि गावातले एक शिक्षणप्रेमी. मुख्याध्यापक सचिव असतात. अध्यक्ष मात्र पालकांतूनच निवडावा लागतो.

एरवी अध्यक्षाची निवड चहा येईपर्यंत बिनविरोध उरकते. यंदा दोन नावं आली. "पोरगी अजून लहान हाय, बँकंचं, हाफिसाचं तिला कसं झेपंल?" असं एकजण माझ्यासमोरच बोलले. मी बी.कॉम. झालेली आहे, गावातल्या बचत गटाची वही चार वर्षं मी लिहितेय. पण मला काही बोलावं लागलं नाही. चौथीतल्या एका मुलीची आजी पालक म्हणून समितीत आली होती, तिनं सगळ्यांत आधी हात वर केला. सात माझ्या बाजूला, पाच पलीकडं. त्या दिवशी घरी येताना मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही, पण रात्री झोप लागली नाही एवढं खरं.

पहिल्याच आठवड्यात प्रोसिडिंगची, म्हणजे सभेत काय ठरलं ते लिहायची वही सहीला आली, वर मजकूर अर्धा आणि खाली दोन पानं कोरी. "तुम्ही सही करून ठेवा, मी नंतर लिहितो," असं मला सांगण्यात आलं. मी केली नाही. जी कुणी नवीन अध्यक्ष होईल तिनं ही गोष्ट पहिल्या दिवशीच ठरवून टाकावी. कोऱ्या पानावर सही नाही, आणि वाचल्याशिवाय लिहिलेल्या पानावरही नाही. एकदा वाईटपणा येतो. पुढं लोक आपोआप पूर्ण लिहूनच वही आणतात. आमचे गुरुजी चांगले आहेत, त्यांनी ते लगेच मानलं.

आता बँक. शाळेचं खातं अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या जोडसहीचं असतं. अध्यक्ष बदलला की सही बदलावी लागते, आणि ती बदलेपर्यंत शाळेचा एक रुपया हलत नाही. मी समजत होते की ठराव नेला, आधार-पॅनची झेरॉक्स दिली, दोन फोटो चिकटवले की झालं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं गेलो. तासभर बसल्यावर साहेबांनी ठराव वाचला आणि परत केला. ठरावात 'अध्यक्षपदी निवड करण्यात आली' एवढंच होतं. खात्यावरून कुणाची सही कमी करायची आणि कुणाची घालायची ते नावानिशी लिहिलेलं नव्हतं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग काय काय लागतं ते सगळं एकदम सांगा ना! मी कागदाची यादी मागितली. "यादी अशी नसते, आणा तसं बघू," हे उत्तर मिळालं. पुढच्या साडेचार महिन्यांचं मूळ त्या एका वाक्यात आहे.

दुसऱ्या फेरीला ठराव नीट होता. आता जुन्या अध्यक्षांचं संमतीपत्र हवं होतं, तेही मूळ सहीचं. आमच्या भागात घरटी एक माणूस गलाईला असतो. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा हा धंदा, आणि त्यासाठी इथली माणसं पार तमिळनाडू-केरळपासून पंजाबपर्यंत पसरलीत. आमचे जुने अध्यक्षही बायकापोरांसकट तमिळनाडूला गेलेले. पोरं तिकडच्या शाळेत घातल्यामुळं ते इथं पालकच राहिले नव्हते. मी फोन केला तर त्यांनी दहा मिनिटांत कागदावर लिहून, सही करून फोटो पाठवला. भला माणूस. बँकेनं फोटोची प्रिंट घेतली नाही. मग त्यांनी स्पीड पोस्टानं पाठवलं, ते आलं, आणि गणपती झाल्यावर आम्ही तिसऱ्यांदा गेलो.

तिसऱ्या फेरीला माझं नाव आडवं आलं. लग्नानंतर आपल्याकडं बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं. माझ्या आधारवर माहेरचं नाव, पॅनकार्ड लग्नानंतर काढलं म्हणून त्यावर सासरचं, आणि ठरावात गाव मला ज्या नावानं ओळखतं ते, म्हणजे सासरचंच, पण त्यातही एका अक्षराचा फरक. साहेब म्हणाले, "ताई, या तीन बायका झाल्या. यातली अध्यक्ष कोण?" मी म्हटलं, तिन्ही मीच. ते म्हणाले, कागदावर तसं दिसत नाही. आणि मग म्हणाले, "मिस्टरांना पाठवून द्या, त्यांना समजावून सांगतो."

गुरुजी माझ्याकडं बघत राहिले. मी उठले नाही. म्हटलं, साहेब, निवडून मी आलेय, सही माझी घ्यायचीय, तर समजावूनही मलाच सांगा. माझा आवाज चढला होता, काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. मला त्याचा आज पश्चात्ताप नाही. त्यांनी शेवटी सांगितलं की एकतर आधार बदलून आणा, नाहीतर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचा पुरावा आणा.

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर तीन फेऱ्या वाचल्या असत्या: ठरावात नाव घालताना आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर घालायचं, आणि पुढं 'विवाहानंतरचे नाव' म्हणून दुसरं. ही युक्ती आमच्या गावातल्या एका निवृत्त केंद्रप्रमुखांची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या केंद्रावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांची. ते म्हणाले, सोबत विवाह नोंदणीचा दाखला लाव, कुणी नाकारणार नाही. पण आमच्या लग्नाची नोंदणीच झालेली नव्हती. इतकी वर्षं तशीच गेलेली. खेड्यात ही नोंदणी ग्रामपंचायतीत होते. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे पुरावे, साक्षीदार. पत्रिका माझ्या माहेरी, आटपाडीकडं, आईच्या ट्रंकेत सापडली. आईनं ती बाजरीच्या पिठाच्या डब्याखालच्या कापडात जपून ठेवली होती. ज्यांची नोंदणी राहिलीय त्यांनी समितीत असोत नसोत, आजच करून घ्यावी. यात ऑक्टोबर गेला.

चौथ्या फेरीला संबंधित साहेब रजेवर. पाचव्या फेरीला कागद सगळे होते, तर तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र हवं म्हणाले, कारण खातं सरकारी योजनेचं. तीन महिन्यांत तीन वेळा आम्ही त्याच टेबलासमोर बसलो होतो, तेव्हा हे पत्र कुणाला आठवलं नव्हतं. त्या दिवशी दुपारी शाळेत परतलो तेव्हा बाई व्हरांड्यात पहिली-दुसरीला बसवून, दारातून तिसरी-चौथीला भागाकार सांगत होत्या. घसा बसलेला. माझी मुलगी पहिल्या रांगेत होती. मी तिच्याकडं बघू शकले नाही.

त्याच संध्याकाळी एक गोष्ट सुचली, आणि ती ऑगस्टमध्येच सुचायला हवी होती. शनिवारी आपल्या शाळा सकाळच्या असतात. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, पण पहिला, तिसरा आणि आला तर पाचवा शनिवार पूर्ण दिवस चालू. शाळा सुटल्यावर गुरुजी मोकळे, बँक उघडी, एकाही मुलाचा तास बुडत नाही. शेवटच्या दोन फेऱ्या आम्ही शनिवारीच केल्या. "शनिवारी हे काम होत नाही," असं सुरुवातीला ऐकावं लागलं, पण बाहेरच्या पाटीवर कामाची वेळ लिहिलेली होती. मी त्या पाटीकडं बोट दाखवलं. पत्र दिलं, सगळ्या कागदांच्या दोन प्रती करून एकीवर तारखेसह पोच घेतली. ही पोच पहिल्या दिवसापासून घ्या. माझ्या अंदाजानं पाच फेऱ्या तोंडी झाल्या म्हणूनच वाया गेल्या. पोच दिल्यावर पुढच्या वेळी कुणी नवीन कागद मागितला नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी कार्डावर माझ्या तीन सह्या घेतल्या. अध्यक्षाचा रबरी शिक्का सोबत न्यायचा असतो, तो गुरुजींनी आठवणीनं पिशवीत घातला होता.

या मधल्या काळात आम्ही हात बांधून बसलो नव्हतो. शाळेचा विकास आराखडा समितीनंच करायचा असतो, तीन वर्षांचा, आणि त्याला बँक लागत नाही. ऑक्टोबरच्या सभेत मी आधी फक्त आयांना अर्धा तास वेगळं बसवलं. तेव्हा कळलं की मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येत नाही, कडी तुटलीय, आणि तिसरी-चौथीच्या मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दोन वर्षांच्या जुन्या प्रोसिडिंगमध्ये याचा एक शब्द नाही. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आमच्या शिवारात येऊन बांधावर डाळिंबं उभी राहिली, आणि शाळेतल्या पोरींना हात धुवायला नळ नाही, हे त्या आजीनं बोलून दाखवलं. आराखड्यात पहिलं काम तेच घातलं.

पट ३१ ते १०० असला की शाळेला वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदान मिळतं, ३० किंवा त्याखाली गेला तर १०,०००. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करावा लागतो. शाळेचं वीजबिलही याच पैशातून जातं, त्यामुळं पहिल्या सभेतच बिल किती थकलंय ते विचारा. पैसे आता चेकनं काढता येत नाहीत, ऑनलाइन प्रणालीतून दुकानदाराच्या खात्यावर जातात. त्यासाठी पक्कं बिल लागतं. बँकेत सही बदलली म्हणजे त्या प्रणालीत नाव बदलतं असं नाही, ते तालुक्याला शिक्षण विभागाच्या गटसाधन केंद्रात वेगळं सांगावं लागतं. आमचं हे काम तिथल्या मुलानं चहा संपायच्या आत करून दिलं. आणि ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेली रक्कम तुमच्या हातात राहत नाही. जानेवारीत अनुदान आलं, २२ मार्चला आमचं शेवटचं बिल गेलं. डिसेंबरात सही झाली नसती तर काय झालं असतं याचा विचार करून मला अजून धडकी भरते.

मुलींच्या स्वच्छतागृहासाठी पाण्याची टाकी छतावर चढवली त्या दिवशी मी शाळेतच होते. प्लंबरनं खालून व्हॉल्व्ह फिरवला आणि आतून मुली ओरडल्या, "आलं, आलं!" मी आत गेले नाही, बाहेर पायरीवर बसले. मला रडू आवरत नव्हतं.

मी एप्रिलमध्ये त्या शाखेला अर्ज दिला आहे. शाळेच्या खात्याची सही बदलायला लागणाऱ्या कागदांची यादी बँकेत दर्शनी लावावी, आणि दोन शिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापकांना शाळेच्या वेळेत बोलावू नये, एवढ्याच दोन मागण्या. खाली आमच्या केंद्रातल्या आणखी चार समित्यांच्या अध्यक्षांच्या सह्या घेतल्या, त्यातल्या दोघींची सही बँकेत अजून बदललेली नाही. अर्जाची पोच माझ्याकडं आहे. उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी पुन्हा जाणार आहे.