कोळंबी मासा आहे का?

दावतीत कोळंबीची बिर्याणी ठरली की पुण्यात कुणीतरी विचारतंच, "चालते ना?" खरं तर आधी विचारायला हवं की पाहुणे कोणत्या मसलकचे, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या कोणत्या परंपरेचे. दख्खनी मुसलमान बहुतेक हनफी, कोकणी मुसलमान शाफई.

कुराणात 5व्या सूरेच्या 96व्या आयतीत समुद्रातली शिकार हलाल सांगितली आहे. शाफईंना त्यामुळे तिसऱ्या, कालवं, माकूल, शेवंड सगळं चालतं. खेकडा पाण्यात राहतो तसा जमिनीवरही, म्हणून त्यावर त्यांच्यातही एकमत नाही. हनफींच्या मते पाण्यातला फक्त मासा हलाल. खेकडा, माकूल, शिंपल्या बाद.

हनफींचं घोडं अडतं ते कोळंबीपाशी. प्राणीशास्त्र तिला खेकड्याच्या पंगतीला बसवतं: कणा नाही, पाय दहा. जुने अरबी कोशकार मात्र तिला मासाच म्हणतात. देवबंदी हनफी विद्वान अशरफ अली थानवींनी ती जायज मानली. इतर काही उलेमा (धर्मपंडित) टाळलेलीच बरी म्हणतात. मला कोशकारांची बाजू पटते. गणेश पेठेत 'मच्छी आणायला' गेलेला माणूस कोळंबी घेऊन आला तर घरात कुणी त्याला चुकलास म्हणत नाही. साफ करताना मात्र पाठीला चीर देऊन काळा दोरा काढाच, ते आतडं असतं.

जाफरी मसलक मानणाऱ्या शियांची कसोटी वेगळी: माशाला खवले हवेत. कोळंबी त्यांना चालते, मोरी आणि शिंगाळा नाही. रोहू-कटल्याचे खवले लांबूनच दिसतात. पापलेटचे बारीक, बर्फात घासून गळून जातात. कल्ल्यामागे आणि पराखाली सुरीची पाठ शेपटीकडून डोक्याकडे फिरवली की सापडतात. फसवतो तो बासा. सोललेल्या पांढऱ्या तुकड्यावर बघायला कातडंच उरत नाही, आणि मासा मुळात बिनखवल्याचा.

माशाला जबीहा, म्हणजे अल्लाचं नाव घेऊन गळा कापणं, लागत नाही, त्यामुळे सुन्नींना कोळ्याचा धर्म विचारायचं कारण नाही. जाळ्यात मेलेला, बर्फातला मासाही चालतो. हनफींना वर्ज्य आहे तो आपोआप मरून पोट वर करून तरंगणारा.

हॉटेलात चायनीज मागवताना ऑयस्टर सॉसबद्दल विचारा, तो कालवांचा असतो. घरी सगळ्या मसलकचे पाहुणे असतील तर आधी मासे तळा, मग कोळंबी. खेकडा करायचाच असेल तर कढई आणि तेल दोन्ही वेगळं.